चारशे बारा रंग

"यातला गिऱ्हाइकाचा कुठला आणि माझा कुठला, सांगा बघू," असे म्हणून मास्तरांनी दोन पुठ्ठे माझ्यापुढे ठेवले.

दोन्हींवर निळसर राखाडी दोरा गुंडाळलेला होता. एक गिऱ्हाइकाने नमुना म्हणून पाठवलेला, दुसरा त्यावरून मास्तरांनी रंगवलेला. मी पाहिले. उजवीकडच्यात निळा जास्त झाला होता. सदऱ्याच्या शिवणीवर तो दोन हातांवरून उठून दिसला असता.

"नाही सांगता येत," मी म्हणाले.

"मग? विचारा तुमच्या डबड्याला. डोळा आहे त्याला, नजर कुठंय?"

त्यांनी आपल्या पुठ्ठ्याच्या मागे सही केली, तो माझ्या ट्रेमध्ये टाकला, रिकामा डबा उचलला आणि ते निघाले. दारातून जाताना त्यांचा खांदा चौकटीला घासला. पाच वाजले होते.

सव्वापाचला मी दोन्ही पुठ्ठे यंत्रापुढे धरले. यंत्र दोन रंगांतला फरक आकड्यात सांगते. आकडा एकाच्या आत असला तर माणसाचा डोळा तो फरक माफ करतो. एकाच्या वर गेला तर गिऱ्हाईक करत नाही. आकडा आला दोन पूर्णांक एक. मी रंगाच्या कृतीतला निळा कमी केला, पुन्हा छोट्या भांड्यात दोरा रंगवला, वाळवला, मोजला आणि दुरुस्त केलेल्या कृतीचा कागद रंगखान्यात पाठवला. मास्तरांच्या सहीचा पुठ्ठा, आता माझा दोरा गुंडाळलेला, त्याला वरून टाचलेला होता. मग मी माझ्या वहीत तारीख, रंग आणि आकडा लिहिला.

हे तीन वर्षे चालले होते.

आमचा कारखाना शिवणदोऱ्याचा. मी तिथली रसायनतज्ज्ञ. मास्तर रंग जुळवायचे, बावीस वर्षांपासून. यंत्र आले तेव्हा साहेबांनी पहिल्या आठवड्यात मास्तरांचे साठ रंग त्यावर मोजायला लावले. साठच्या साठ अर्ध्याच्या आत होते. मास्तर दिवसभर हसत होते. त्यांनी माझ्या टेबलाशी येऊन यंत्रावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाई, याला शिकवणी लावायची असेल तर पाठवा माझ्याकडे. फी घेणार नाही."

चौथ्या महिन्यात एक निळा एकाच्या वर गेला. मग एक राखाडी. मग एक फिकट पिवळा. मी साहेबांना सांगितले. साहेबांनी खिडकीबाहेर बघत ऐकून घेतले. जुनी गिऱ्हाइके पुठ्ठा उलटून आधी मास्तरांची सही बघतात, ते म्हणाले. सही आहे म्हणजे रंग आहे, असे त्यांना वाटते. ते तसेच वाटू द्यावे. रंग मी संध्याकाळी नीट करून टाकावा, आणि मास्तरांना काही सांगू नये. "या वयात मनाला लागलं तर माणूस खचतो हो," असेही ते म्हणाले. मला ते पटले. पटवून घेणे सोपे होते, कारण त्यात दया होती.

पण वहीत नुसती दया नव्हती. एक पूर्णांक पाचच्या वरचा आकडा आला की मला आत कुठेतरी बरे वाटायचे. माझ्या नोकरीच्या नऊ वर्षांत मास्तरांनी मला एकदाही मनापासून काही विचारले नव्हते. सांगितले मात्र रोज होते. मोठ्या आकड्याच्या दिवशी मी घरी जाताना वाटेत भाजी निवडून घेत असे, घाई करत नसे.

वर्षभरात ही गोष्ट कारखान्यात सगळ्यांना कळली, एकाला सोडून. रंगखान्याचा मुकादम म्हणायचा, "मास्तर सह्या करतात, यंत्र संसार करतं." मास्तर ट्रॉलीला धडकले, पायरी चुकले, की कुणीतरी म्हणायचे, मास्तर हवेत आहेत. तेही हसायचे. त्यांना वाटायचे, चेष्टा मानाची आहे.

एके दिवशी दुपारी ते डबा घेऊन माझ्या टेबलाशी बसले. कधी नाही ते दार लोटून घेतले.

त्यांना नोकरी सोडायची होती. त्यांच्या मेव्हण्याचा एक डोळा अपघातात गेला, त्या जागी बसवलेला खोटा डोळा मास्तरांना बघवेना. "बटण लावल्यासारखा हो," ते म्हणाले. तो कुणी केला ते शोधत ते डोळ्यांच्या इस्पितळाच्या आवारात एका माणसापर्यंत पोचले. तो म्हातारा प्लास्टिकचे डोळे घडवून, रंगवून देई. सगळे त्याला डोळेवाले म्हणत. मास्तर भांडायला गेले आणि तिथेच बसले. डोळेवाल्यांचे हात आता थरथरत होते. रंगातला कुणीतरी त्यांना हवाच होता. मास्तर आठ महिने दर सुट्टीला तिथे जात होते. तपकिरी बुबुळे रंगवायला शिकले होते, लाल रेशमाच्या तंतूने शिरा बसवायला शिकले होते.

"दोरा चांगला जुळला की दिसत नाही," ते म्हणाले. "बावीस वर्षं मी अशी कामं करतोय की ती चांगली झाल्याची खूण म्हणजे ती कुणाला दिसू नयेत. कंटाळलो, बाई. सकाळी डबा हातात घेतला की पाय निघत नाही."

"डोळ्याचंही तसंच की, मास्तर. तोही दिसू नये असाच करायचा."

"हो. पण तिथं दिसला नाही तर एक माणूस मान वर करून चालायला लागतो."

असे बोलताना मी त्यांना पूर्वी ऐकले नव्हते. डब्यातला घास त्यांच्या हातात तसाच होता.

आता शेवटची परीक्षा उरली होती. एक पूर्ण डोळा, बुबुळापासून पांढऱ्यापर्यंत, त्यांनी एकट्याने करायचा. तो बसला की डोळेवाले सगळे काम त्यांच्या हाती देणार होते. त्याआधी डोळेवाल्यांना मास्तरांच्या कामाबद्दल कारखान्यातल्या कुणा शिकलेल्या माणसाची चिठ्ठी हवी होती. "साहेबांना आत्ताच कळायला नको. तुम्हीच द्या. आणि त्या दिवशी या तिथं. आपलं माणूस असलं की बरं."

सांगायला ती वेळ होती. दार बंद होते, आम्ही दोघेच होतो. वही खणात होती. मी विचार केला तो असा: तपकिरी रंगात त्यांचे फारसे चुकत नाही. बुबुळे बहुतेक तपकिरी असतात. माणूस इतका उत्साहात आहे. आणि हेही मनात आले की मास्तर गेले तर हे सव्वापाचचे काम सुटेल, रंग जुळवताना नमुने जिच्यात धरून बघतात ती मास्तरांची उजेडाची पेटी माझ्याकडे येईल.

चिठ्ठीत मी लिहिले, "गेली बावीस वर्षे यांच्या सहीशिवाय आमच्या कारखान्यातून एकही रंग बाहेर पडलेला नाही." वाक्य मी दोनदा तपासले. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. मास्तरांनी ते वाचले आणि चिठ्ठी घडी न घालता पुठ्ठ्याच्या पाकिटात ठेवली.

परीक्षेच्या दिवशी मी गेले. खोली अरुंद होती, एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला पॉलिश करायचे चाक. ज्यांच्यासाठी डोळा केला त्या बाई शाळेत शिकवत होत्या. तिशीच्या असतील. चार महिने त्या गडद चष्मा लावून वर्गात उभ्या राहत होत्या. मुले मागून काय म्हणतात ते त्यांनी हसत सांगितले. मला ते इथे लिहवत नाही. बरोबर त्यांची थोरली बहीण होती. मास्तरांनी डोळा आदल्या संध्याकाळी डोळेवाले घरी गेल्यावर पुरा केला होता, त्यामुळे डबी उघडली तेव्हा आम्ही सगळ्यांनी तो पहिल्यांदा पाहिला. मास्तरांनी नवा सदरा घातला होता.

डोळेवाल्यांनी डोळा बसवला. बुबुळ फार सुंदर होते. तपकिरीत एक बारीक तांबूस कडे होते, खऱ्या डोळ्यात होते तसेच, आणि ते कुणी दाखवून दिल्याशिवाय दिसणारे नव्हते. मास्तरांना ते दिसले होते.

पांढरा मात्र पिवळा होता.

बाईंनी आरसा घेतला. बराच वेळ बघितले. "छान आहे," त्या म्हणाल्या, आणि आरसा मांडीवर पालथा ठेवला.

बहीण म्हणाली, "छान काय? एका डोळ्याला कावीळ झाल्यासारखी दिसतेस."

मास्तर हसले. ट्यूबलाइटचा दोष आहे, म्हणाले. बाईंना खिडकीशी नेले, हनुवटीला बोट लावून चेहरा उजेडाकडे वळवला. दिवसाच्या उजेडात ते अधिकच दिसले. मास्तर एकदा डोळेवाल्यांकडे, एकदा बहिणीकडे बघू लागले, वर्गात सगळे हसताहेत आणि आपल्याला विनोद कळलेला नाही अशा मुलासारखे. मग ते माझ्याकडे वळले.

"बाई, तुम्ही सांगा यांना. तुम्ही रंगातल्या आहात."

"पिवळा आहे, मास्तर," मी म्हणाले.

"कुठं?"

"सगळा."

ते पुन्हा वाकून बघू लागले, बाईंच्या चेहऱ्याच्या इतक्या जवळून की बाईंनी डोळे मिटून घेतले.

डोळेवाल्यांनी कपाटातून एक ट्रे काढला. त्यात डोळ्याएवढ्या प्लास्टिकच्या वाट्या होत्या, नुसत्या पांढऱ्या, निळसरपासून पिवळसरपर्यंत. प्रत्येकीच्या मागे क्रमांक. लहान मुलांचा पांढरा निळसर असतो, म्हाताऱ्यांचा पिवळट. त्यांनी दहा वाट्या निवडल्या, टेबलावर मिसळल्या आणि मास्तरांना क्रमाने लावायला सांगितले. मास्तरांनी लावल्या. झपाट्याने लावल्या, जशी बावीस वर्षे सवय होती. डोळेवाल्यांनी थरथरत्या हाताने एकेक उलटली. तीन, नऊ, एक, सहा, दहा, दोन. उरलेल्या त्यांनी उलटल्या नाहीत.

"रंग चुकला असता तर मी शिकवला असता," ते म्हणाले. "ही चूक शिकण्यातली नाही. चला माझ्याबरोबर." जाताना त्यांनी बाईंना सांगितले की डोळा पुन्हा होईल, दोन महिने लागतील. बाईंनी चष्मा लावला. मास्तरांना त्या "धन्यवाद" म्हणाल्या, आणि ते त्यांनी मनापासून म्हटले होते, ते ऐकवत नव्हते.

आवार ओलांडले की इस्पितळ. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यातला दाब मोजला, आत उजेड टाकून पाहिले, मग एका यंत्रात कपाळ टेकवून बसवले. समोर बारीक दिवे लुकलुकतात, दिसला की बटण दाबायचे. मी बाहेर बसून ऐकत होते. बटणाचा आवाज फार थोडा येत होता. कागद निघाला तेव्हा त्यांनी मलाही आत बोलावले. दोन्ही डोळ्यांचा कडेचा बराच भाग काळा. काचबिंदू, त्या म्हणाल्या. दुखत नाही, लाल होत नाही, मधले स्पष्ट दिसत राहते, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. काहींच्यात निळ्या-पिवळ्यातला फरक आधी बुजायला लागतो. "रंगाचं काम करता, तर कधी लक्षात आलं असेल तुमच्या. कधीपासून होतंय?"

"मला काही होत नाही," मास्तर म्हणाले. "बावीस वर्षांत माझा एक रंग परत आलेला नाही."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिले. नातेवाईक समजल्या असाव्यात.

"तीन वर्षांपासून," मी म्हणाले. "माझ्याकडे आकडे आहेत."

मास्तरांनी मान वळवली नाही. भिंतीवर डोळ्याचे मोठे चित्र होते, त्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी एकटी वही घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी पाने चाळली, महिन्याची सरासरी विचारली आणि तिथल्या तिथे कागदावर पेन्सिलीने टिंबे मांडली. रेघ हळूहळू वर चढत होती. इतकी नेटकी नोंद त्यांनी कुणाच्याही आजाराची पाहिली नव्हती, असे त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पहिल्या वर्षी कुणी आणलं असतं तर थेंबांवर भागलं असतं. गेलेलं परत येत नाही. उरलेलं धरून ठेवायचं."

त्यांना मी सांगितले नाही की तो आलेख मी दोन वर्षांपूर्वीच काढला होता. आलेखाच्या कागदावर, पट्टी लावून. टिंबांमधून सरळ रेघ ओढली होती, तिचा चढ काढला होता आणि पुढच्या वर्षी सरासरी किती होईल याचा अंदाज बाजूला लिहिला होता. अंदाज बरोबर आला तेव्हा मला समाधान वाटले होते.

साहेबांना कळल्यावर ते हळहळले. महिनाभर रजा घेऊ द्या, म्हणाले, मग येऊ द्या परत. "सही करायला डोळे लागत नाहीत."

रविवारी मास्तरांचा निरोप आला: वही घेऊन घरी या.

मी यापूर्वी त्यांच्या घरी दोनदा गेले होते. वहिनींनी दार उघडले, पाणी दिले आणि उभ्याच राहिल्या. मी येईपर्यंत काय बोलायचे ते त्यांनी बहुधा ठरवून ठेवले होते, कारण आवाज अगदी सरळ होता.

"दोनदा जेवून गेलात तुम्ही इथं. मी शेजारी बसवून वाढलं होतं."

"हो," मी म्हणाले.

त्या आत गेल्या आणि भांडी घासू लागल्या. घासलेलीच भांडी असावीत, दुपारचे चार वाजले होते.

मास्तर खुर्चीत बसले होते. शेजारच्या स्टुलावर थेंबांच्या दोन बाटल्या. डोळेवाल्यांनी चाकावर पॉलिश करायचे काम देऊ केले आहे, त्यांनी सांगितले. ते बोटांनी कळते, त्याला रंग लागत नाही. जाणार का, मी विचारले. साहेब काय म्हणाले, असे त्यांनी उलट विचारले. मी काहीही बोलू शकले असते. मी साहेबांचे वाक्य होते तसे सांगितले.

मास्तर थोडे हसले. "खोटं नाही. तीन वर्षं तपासून बघितलंय त्यांनी." मग म्हणाले, "वाचा."

"काय?"

"वही. पहिल्यापासून."

"मास्तर, चारशे बारा नोंदी आहेत. तुम्हीच घ्या ना, तुम्हाला दिसेल, अक्षर मोठं आहे."

"मला वाचता येतं, बाई. तुम्ही वाचा."

मी वाचू लागले. तारीख, रंग, आकडा. सुरुवातीला ते नुसते ऐकत होते. दहाव्या-बाराव्या नोंदीपासून प्रत्येक रंगानंतर ते काहीतरी पुटपुटू लागले, आणि माझ्या लक्षात आले की ते त्या रंगाचे गिऱ्हाईक सांगताहेत. पलंगपोस करणारा. शाळेच्या गणवेशांवाला. ती छत्र्यांची बाई, जिला काहीच पसंत पडत नसे. चारशे बारा रंग त्यांना पाठ होते. माझ्याकडे नुसते आकडे होते. आतला भांड्यांचा आवाज थांबला होता आणि वहिनी दाराशी येऊन उभ्या होत्या.

दीडशेच्या पुढे कुठेतरी मी एक फिकट जांभळा वाचला. आकडा वाचण्याआधी त्यांनी हात वर केला.

"थांबा. हा बरोबर होता. माझ्या पुतणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशीचा. सकाळभर बसलो होतो त्यावर. पाच वेळा केला. हा चुकणं शक्य नाही. काय आहे आकडा?"

मी वहीत पाहिले. दारातून वहिनी माझ्याकडे बघत होत्या. ओठ न हलवता त्यांनी मान अगदी थोडी हलवली, एकदाच, नाही अशी. मास्तरांच्या नजरेच्या ते कडेला होते. त्यांना दिसले नाही.

"दोन पूर्णांक आठ," मी म्हणाले.

मास्तरांनी हात खाली घेतला आणि मांडीवरची सदऱ्याची सुरकुती सरळ केली.

"पुढचा," ते म्हणाले.